माळा रिकामा करण्याआधी

पुनर्विकासाचा करार होतो, इमारत रिकामी करायची तारीख मिळते आणि घरातलं पहिलं भांडण माळ्यावरून लागतं. खालच्या दोन खोल्यांचं सामान टेम्पोत कसं बसवायचं हे सगळ्यांना कळत असतं. वरच्याचं काय करायचं, यावर मात्र एकमत होत नाही. तिथे तांब्याचा बंब असतो, पितळी घंगाळ असतं, सोऱ्या, पुरणयंत्र, एक पाय हलणारा चौरंग, पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत लुगडी आणि लुगड्यांच्या घडीत कुणीतरी दडवून ठेवलेली फुलपात्रं. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, जिथे जिथे जुन्या सोसायट्या पडून मनोरे उभे राहताहेत तिथे घरोघरी हे चाललं आहे. गावचं घर विकताना किंवा भावंडांत वाटणी होताना तोच प्रश्न जरा जास्त कडू होऊन येतो.

यातून घरं साधारण तीन वाटा काढतात. एक, सगळं वजनावर मोडीत घालायचं. दोन, जीव तुटतो म्हणून सगळं उचलून नव्या घराच्या माळ्यावर टाकायचं, म्हणजे पुढच्या पिढीच्या भांडणाची सोय झाली. तिसरी वाट अलीकडची आहे. आपलं मोडीत घालायचं आणि इंटिरियरवाल्याच्या सल्ल्याने दुसऱ्या कुणाच्या तरी आजीचं घंगाळ चढ्या भावाने आणून हॉलच्या कोपऱ्यात मांडायचं. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आहे. तिथे हिंडायला मलाही आवडतं. पण ज्यांच्या माळ्यावर स्वतःचं घंगाळ होतं त्यांनी तिथून घंगाळ आणावं, हे काही पटत नाही.

जुनी वस्तू नव्या घरात टिकायची तर तिला काहीतरी काम मिळालं पाहिजे, आणि तिच्या आसपास आजच्या माणसाचंही काही काम चालू असलं पाहिजे, असं माझं मत आहे. शिवण, रियाज, चित्रं, लेखन, मुलांचं मातीकाम, काहीही चालेल. म्हणून वारशाच्या वस्तू कुठे मांडायच्या आणि स्वतःच्या छंदाला जागा कुठे काढायची, हे दोन प्रश्न एकाच कागदावर सोडवा, तेही सुताराला बोलावण्याआधी. एकदा टीव्ही युनिट आणि शू-रॅक ठरले की उरलेल्या जागेत काहीच मावत नाही.

आधी नावं वाचा

माळ्यावरचं सगळं एकदा जमिनीवर मांडा आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला खुर्ची देऊन मधोमध बसवा. फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. ‘आजी, आठवणी सांग ना’ असं म्हटलं की कोणतीच आजी काही सांगत नाही. ‘या पातेल्यात काय व्हायचं? किती माणसांचं? हे कुणाच्या लग्नातलं? याची कडी कधी तुटली?’ असं विचारलं की ती थांबत नाही. पातेल्याचं माप विचारलं की त्या काळी घरात जेवायला किती पानं असत ते कळतं, आणि मग त्या पानांवर बसणाऱ्या माणसांच्या भानगडीही आपोआप निघतात.

आपल्याकडच्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती, तिचा फायदा घ्या. काठावर किंवा पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं: कुणी, कुणाला, कुठल्या प्रसंगी, कुठल्या तारखेला. घासून घासून अक्षरं पुसट झालेली असतील तर खोलीत अंधार करून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड अगदी कडेने, भांड्याला समांतर पाडा. खोलगट ठिपक्यांत सावली पडते आणि नाव उठून येतं. तसाच फोटो काढून ठेवा. जमलं नाही तर चिमूटभर पीठ हलक्या हाताने चोळून वरवर पुसा, खाचांत पांढरं राहतं. पुढे हे भांडं मांडाल तेव्हा नाव समोर येईल असं मांडा. बहुतेक घरांत ते भिंतीकडे तोंड करून असतं.

कळलेली माहिती लगेच लिहून वस्तूला जोडा. साध्या कार्डावर पेन्सिलीने लिहा आणि सुती दोऱ्याने बांधा. रबरबँड नको, त्यातलं गंधक चांदीला काळं करतं. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद वर्षानुवर्षं जात नाही.

आता काय ठेवायचं? माझी कसोटी अशी: ज्या वस्तूबद्दल घरातलं एकही माणूस दोन वाक्यं सांगू शकत नाही आणि जिचा उपयोगही कुणाला सुचत नाही, ती जाऊ द्या. एकसारखी डझनभर फुलपात्रं असतील तर चार ठेवा आणि बाकीची चुलत-मावस भावंडांत कार्डासकट वाटून टाका. एकाकडे बारा पडून राहण्यापेक्षा पाच घरांत दोन-चार रोज पाणी प्यायला वापरली गेली तर ती जास्त वर्षं टिकतील. जातं आणि मुसळ देण्याची मात्र घाई करू नका. लग्नघरी घाणा भरायची वेळ आली की अख्खी सोसायटी ते शोधत फिरते. ज्याच्याकडे आहे त्याचा भाव त्या दिवशी वरमायेपेक्षा जास्त असतो.

किरकोळ वस्तूंना कमी लेखू नका. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं नसेल तर सामान आवरायच्या आधी एक सकाळ तिथे घालवा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलं ते अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी, दौती, खेळणी असंच रोजच्या वापरातलं होतं. १९६२ साली त्याचं संग्रहालय झालं आणि त्याला त्यांनी अकाली गेलेल्या मुलाचं नाव दिलं. गोव्यात बाणावलीला ‘गोवा चित्र’ आहे, तिथे शेतीची आणि कारागिरांची अवजारं अशीच एकत्र आणलेली आहेत. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट शिकायला मिळते: एक अडकित्ता शेल्फवर एकटा ठेवला तर हरवल्यासारखा वाटतो, तोच पानाचा डबा, चुनाळू आणि चंचीच्या संगतीत ठेवला की पान खाणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. घरातही एका कामाच्या वस्तू एकत्र ठेवा. पाच खोल्यांत पाच वस्तू विखरून ठेवू नका.

उजेड कुणाला सोसतो

मांडणीचा विचार करताना रंगसंगतीच्या आधी उजेड आणि ओल पाहा. तांबं, पितळ, लोखंड, दगड आणि बऱ्याच अंशी लाकूड यांना उजेडाने फारसा धोका नाही. रेशीम, सुती कापड, जर, छायाचित्रं, पत्रं, जलरंगातली चित्रं यांना मात्र उजेड हळूहळू खातो, आणि जे गेलं ते परत येत नाही. संग्रहालयांत अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्स इतकाच प्रकाश पडू देतात. शिवणकाम किंवा बारीक चित्रकाम करायचं तर ५०० लक्स किंवा त्याहून जास्त लागतो. घराचा अर्धा नकाशा इथेच ठरतो. जिथे तुम्ही काम करणार त्या उजळ कोपऱ्यात धातू, लाकूड आणि दगड ठेवा. कापड आणि कागद पॅसेजच्या किंवा झोपायच्या खोलीच्या आतल्या, मंद भिंतीवर. आजीचा शेला थेट टेबललॅम्पखाली टांगला तर काही वर्षांत त्याचा रंग उडतो आणि धागा कुजका होतो.

ओलीचं गणित आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणात, वेगळंच असतं. पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत ओळखा आणि तिच्यावर फोटो, वाद्य किंवा कापड काहीही लावू नका. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते.

भिंत कशाची आहे हेही विचारून घ्या. नव्या मनोऱ्यांत आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यांत साधी प्लॅस्टिकची गिट्टी काही दिवसांनी सैल होते, म्हणून त्या ब्लॉकसाठी मिळणारे वेगळे स्क्रू वापरा. मायव्हनच्या, म्हणजे साच्यांत ओतलेल्या, बांधकामात उलट असतं, सगळ्याच भिंती काँक्रीटच्या, ड्रिल चालता चालत नाही आणि सोसायटीही कुरकुरते. दोन्ही ठिकाणी चांगला उपाय म्हणजे छताखाली हातभर अंतरावर सागवानाची एक आडवी पट्टी एकदाच पक्की बसवून घेणं. मग तिच्यावरून दोऱ्यांनी हवं ते टांगा, हवं तेव्हा बदला, भिंतीला पुन्हा हात लावायला नको. लामणदिवा मात्र स्लॅबमध्येच हूक मारून टांगायचा. पीओपीच्या खोट्या छताला लावलेला लामणदिवा एक दिवस साखळीसकट खाली येतो. वाती लावणार असाल तर तेल ठिबकतं हे लक्षात ठेवा, खाली सोफा नको.

तांबं, पितळ आणि चिंच

पितळ चकचकीत ठेवायचं की नाही, यावरून सासवा-सुनांत मतभेद होतात. मी सासवांच्या बाजूचा नाही. चिंच, आमसूल, लिंबू-मीठ किंवा पितांबरी, कशानेही घासलं तरी दर वेळी धातूचा एक सूक्ष्म थर जातो, आणि कोरीव नावं याच घासण्यापायी नाहीशी होतात. रोज वापरायचं भांडं जरूर घासा. नुसतं मांडायचं असेल तर वर्षातून एक-दोनदा पुरे, आणि नावाच्या भागावर जोर नको. आंबट लावल्यावर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. खाचेत राहिलेलं आंबट पुढच्या आठवड्यात हिरवं होऊन वर येतं.

काळपट धातूवर चांदीची नक्षी दिसली तर थांबा. ते बिदरी काम असण्याची शक्यता आहे. त्याचा काळा रंग मुद्दाम आणलेला असतो, बीदरच्या किल्ल्यातली माती वापरून. कामवाल्या बाईंनी उत्साहाने चिंच लावली तर अर्ध्या तासात ते राखाडी होतं. मऊ फडकं आणि खोबरेल तेलाचा एक थेंब, बास.

स्वयंपाकाला वापरायचं असेल तर तांब्या-पितळेला आतून कल्हई हवीच, नुसतं मांडायचं असेल तर तो खर्च करू नका. तांब्याच्या कळशीत पिण्याचं पाणी ठेवायला हरकत नाही, ताक किंवा सरबत नको. पोचे आलेलं, कडी निखळलेलं भांडं टाकायच्या आधी पुण्यातल्या कसबा पेठेतली तांबट आळी आठवा. पेशवाईपासून तिथे तांबटांची घरं आहेत. हातोडीने पत्र्यावर सारख्या अंतराने ठोके देत केलेलं मठारकाम हे त्यांचं वैशिष्ट्य. त्या ठोक्यांनी भांडं दिसायला झळझळीत होतं आणि पत्राही टणक होतो. पोचा काढणं, नवी कडी रिबिटीने बसवणं ही त्यांची रोजची कामं आहेत. नवीन शोभेची वस्तू घेण्याआधी आपलं मोडकं भांडं त्यांना दाखवा.

आणि कृपा करून भोक पाडू नका. बंबाचा टेबललॅम्प, समईचा इलेक्ट्रिक दिवा, सोऱ्याचा पेनस्टँड, असलं सगळं समाजमाध्यमांवर छान दिसतं. पण एकदा तळाला ड्रिल लागलं की ते भांडं संपलं. दिवाच हवा असेल तर बंबाच्या मागे तो लपवा, उजेड भिंतीवर पडू द्या. घंगाळात झाड लावायचं असेल तर कुंडी ताटलीसकट आत ठेवा. ओली माती आणि खत थेट लागलं तर पितळ आतून सडतं. बंबात छत्र्या, हंड्यात चटया किंवा लोकरीचे गुंडे, परातीत येता-जाता टाकायच्या किल्ल्या हे मला जास्त आवडतं. रोज हात लागतो.

ट्रंक उघडताना

जुन्या जरीच्या साड्या हा भावनेचा सगळ्यांत कठीण भाग. पूर्वी बोहारीण दारात यायची आणि साडीच्या बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. जुन्या जरीत खरी चांदी असायची, म्हणून ‘जुनी जर घेणारे’ही हिंडत आणि कित्येक पैठण्या चांदीसाठी जाळल्या गेल्या. त्यातून वाचलेली तुमच्या ट्रंकेत असेल तर तिच्याशी नीट वागा.

प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिला आधी बाहेर काढा. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. वेखंड किंवा वाळलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. अत्तर किंवा स्प्रे जरीवर कधीच मारू नका. साडी चिरते ती नेहमी घडीवर. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. त्याहून बरं म्हणजे मलमल लावलेल्या जाड पुठ्ठ्याच्या नळीवर ती गुंडाळून ठेवा. सावलीत, वारा लागेल अशी एक दुपार पसरा, उन्हात नाही.

भिंतीवर लावायचीच असेल तर फ्रेमवाल्याशी आधी बोला. बरेच जण कापड फेव्हिकॉलने प्लायला चिकटवून टाकतात. ते सुती कापडावर हाताने टाचून घ्यायला सांगा आणि काच कापडाला टेकणार नाही इतकं अंतर ठेवायला लावा. मला स्वतःला कायमची फ्रेम रुचत नाही. गौरी-गणपतीत किंवा दिवाळीत आठवडाभर दांडीवर पदर सोडावा आणि मग साडीला वर्षभर अंधारात झोपू द्यावं.

कापायची की नाही? धड असलेल्या पैठणीला कात्री लावू नका, कुर्ता कितीही सुरेख दिसणार असला तरी. घड्यांवर फाटून तिच्या चिंध्या झाल्या असतील तर मात्र काठ-पदर वाचवून दुसरं काही करणं योग्य. आणि साध्या सुती नऊवारींचं काय करायचं, याचं उत्तर आपल्या आयाबायांनी फार पूर्वी दिलं आहे: गोधडी. वापरून मऊ झालेल्या लुगड्यांचे थर एकावर एक घालायचे, कडेपासून आत आत धावदोऱ्याने भरत जायचं. जमिनीवर पसरायला जागा, जाड सुई, सुती दोरा आणि सवड, एवढंच लागतं. घरात पहिल्यांदाच काही हाताने करायचं असेल तर मी गोधडीच सुचवेन. चुकलेला टाका तिच्यात खपून जातो, दोघी-तिघी एकत्र बसू शकतात, आणि कुणाचं लुगडं कुठल्या बाजूला गेलं यावर शिवताना बोलणं होतं. पूर्ण झालेली गोधडी भिंतीवर लावायची तर वरच्या कडेला मागून कापडी बोगदा शिवून त्यातून दांडी घाला, चिमट्यांनी टांगू नका. पण पांघरायला घेणं केव्हाही उत्तम.

फोटो आणि कागद

इथे एकच नियम: भिंतीवर प्रत, कपाटात मूळ. स्कॅन करताना आधी सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो घ्या. लोकांना वाटतं जुने कृष्णधवल आधी जातील, पण चांगले धुतलेले कृष्णधवल फोटो बरेच टिकाऊ असतात. त्या काळचे रंगीत प्रिंट अंधारातही लालसर पडत जातात. ६०० डीपीआयला स्कॅन केलं की पुढे मोठी प्रत काढता येते. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओरबाडू नका, दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. फ्रेममध्ये फोटो आणि काच यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट हवीच. नाहीतर एका पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि मग दोन्ही एकत्र फेकावे लागतात.

जुने दस्तऐवज, पत्रं, मोडी लिपीतले कागद काहीही झालं तरी लॅमिनेट करू नका. ते परत काढता येत नाही. मोडी कागद कशाबद्दल आहे हे कळत नसेल तर रद्दीत घालण्याआधी वाचून घ्या. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, आणि पुण्यात १९१० पासून चालत आलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांना अशा घरगुती कागदांचं मोल कळतं. आईच्या हातची पाककृतींची वही असेल तर दोन-तीन पानांची प्रत स्वयंपाकघरात लावा, तेलाच्या डागांसकट. मूळ वही वाफेपासून लांब ठेवा.

पसारा ठेवायची मुभा

आता स्वतःच्या कोपऱ्याबद्दल. आपल्या घरांत हॉल टीव्हीचा असतो, स्टडी टेबल मुलांचं असतं आणि आईचं शिवण-भरतकाम पलंगाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं. बाबांची बासरी कपाटावर. ‘वेळच मिळत नाही’ असं दोघंही सांगतात, पण अडचण अर्धी जागेची असते. प्रत्येक वेळी सामान काढायला दहा मिनिटं आणि परत भरायला दहा मिनिटं लागणार असतील तर अर्ध्या तासाच्या सवडीत काय होणार? म्हणून कोपरा किती मोठा, यापेक्षा तिथला पसारा रात्री तसाच राहू शकतो का, हे महत्त्वाचं. तीन बाय दोन फुटांचं टेबल, जवळ प्लगपॉइंट, उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी डावीकडून येणारा उजेड आणि ४००० केल्विनचा एक दिवा. एवढ्यात बहुतेक छंद बसतात.

पाहुण्यांची लाज वाटते? मग जुनं लाकडी कपाट कामाला येतं. आतल्या फळ्यांपैकी मधली एक काढून तिथे बाहेर ओढता येणारी फळी बसवून घ्या, पाठीला दिवा लावा. दारं उघडली की कार्यशाळा, मिटली की शिसवी कपाट. सुतार आधी कपाटाला आरपार खिळे ठोकायला निघेल, त्याला आहे त्या फळ्यांच्या खाचाच वापरायला सांगा. आणि कपाट नव्या घरात नेण्याआधी त्याच्या पायाशी, खणांच्या मागे बारीक भुसा पडलाय का पाहा. पडला असेल तर कीड जिवंत आहे. भोकांत इंजेक्शनने औषध भरून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काही आठवडे वेगळं ठेवा, नाहीतर तुमच्या नव्याकोऱ्या फर्निचरची पहिली पाहुणी तीच. पॉलिश पुन्हा करायचं तर स्पिरिटमधलं लाखेचं जुनं पॉलिश करणारा कारागीर शोधा. चकचकीत पीयूखाली शिसव प्लॅस्टिकसारखं दिसायला लागतं.

पायाने चालवायचं शिवणयंत्र तर तयार टेबलच आहे. त्याची उंची साधारण ३० इंच, म्हणजे लिहायच्या टेबलाइतकीच. यंत्राचं डोकं काढून लोखंडी सांगाड्यावर काच बसवण्याची फॅशन आहे, पण आधी ते चालतं का पाहा. जुनी सिंगर किंवा उषा बहुधा मेलेली नसते, नुसती तेलाविना अडकलेली असते. साफ करून, तेल देऊन, नवा पट्टा घातला की चालू होते. डोकं आत पाडलं की वर सपाट जागा मिळते, त्यावर लिहा, चित्रं काढा, वेळ आली तर शिवा. घरच्या जुन्या दुकानातलं उतरत्या झाकणाचं बैठं मेज मिळालं असेल तर ते लेखनाला किंवा सुलेखनाला सुरेख आहे, पण गुडघे दुखणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये. त्याला खाली दीड-दोन फुटांचा साधा स्टँड करून घ्यावा. पाट आणि चौरंग तबला-पेटीच्या बैठकीला, तसंच मुलांच्या मातीकामाला चांगले.

तानपुरा किंवा सतार घरात असेल तर ती शोभेला उभी करू नका, वाजवणारं कोणी नसलं तरी. मिरजेत भोपळ्याची ही वाद्यं करणारी घराणी आहेत आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे किंवा तुमच्या शहरातल्या कारागिराकडे एकदा तपासून आणा. मग आतल्या भिंतीशी, एसीच्या झोतापासून दूर ठेवा. बराच काळ वाजणार नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवा. परदेशात नेणार असाल तर थंडीतल्या हीटरच्या कोरड्या हवेत भोपळा आणि लाकूड तडकतं, म्हणून वाद्याच्या खोलीत आर्द्रता राखायची सोय करा.

मांडू नयेत अशा वस्तू

देवाचे टाक आणि मूर्ती हॉलच्या काचेच्या कपाटात ठेवू नयेत, असं मला वाटतं. पूजा करणारं कोणी नसेल तर कुळातल्या ज्या घरी देवघर चालू आहे तिथे ते द्यावेत. टाक चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले असतात, त्यांना ब्रश लावू नका.

परदेशी राहणाऱ्यांनी सामानात काही टाकण्याआधी १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लक्षात घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा कलावस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं मोलाचं हस्तलिखित खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, ते तुमच्या पणजोबांचं असलं तरी. वयाबद्दल शंका येईल अशी वस्तू असेल तर ती पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या. त्याच वर्षीचा वन्यजीव संरक्षण कायदा जुन्या वाड्यांतल्या सांबराच्या शिंगांना, वाघाच्या कातड्याला आणि हस्तिदंती डब्यांना लागू होतो. ते विकता येत नाहीत आणि बाळगायलाही मालकीचं प्रमाणपत्र लागतं. ते सापडत नसेल तर घर हलवण्याआधीच वकिलाला गाठा आणि वनविभागाशी बोला.

निगेसाठी वेगळं वेळापत्रक आखायची गरज नाही, आपल्या पंचांगात ते आहे. दसऱ्याच्या सुमारास पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी व्हायला लागलेली असते, आणि खंडेनवमीला घरातली अवजारं, दसऱ्याला वह्या-पुस्तकं अशीही बाहेर काढायचीच असतात. त्याच वेळी साड्यांच्या घड्या बदला, फ्रेमच्या मागे बुरशी आहे का पाहा, कपाटामागचा भुसा तपासा, दोऱ्यांनी बांधलेली कार्डं पुसट झाली असतील तर पुन्हा लिहा. खंडेनवमीला शिवणयंत्राला तेल द्या आणि कुंकू लावा. त्या दिवशी शिवायचं नसतंच, तेल मुरायला रात्र मिळते. दुसऱ्या दिवशी शिवायला बसताना आधी एखाद्या चिंधीवर दोन ओळी चालवून घ्या, जादाचं तेल तिच्यात उतरतं.